तक्रार खरी होती

माझी तक्रार खरी होती, हे आधीच सांगते. वरच्या घरातलं पाणी माझ्या बाथरूमच्या छतातून गळत होतं. बेडरूमच्या भिंतीला ओल धरली होती, रंगाचे पोपडे सुटून पलंगावर पडत होते. प्लंबरने वर जाऊन पाहिलं आणि नहाणी ट्रॅपभोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, लाद्या उखडून नवीन करावं लागेल, असं सांगितलं. वरच्या बेननी नकार दिला. यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. पण या खऱ्या तक्रारीच्या आडून पुढची काही वर्षं मी जे वागले, तो निव्वळ अन्याय होता. त्याबद्दल लिहायचं आहे. जो चुकीच्या बाजूला असतो त्याला कधी ना कधी टोचणी लागते. ज्याची बाजू खरी असते त्याला टोचणी लागत नाही, आणि म्हणून त्याची अढी जास्त काळ टिकते. माझी अशीच टिकली.

आमची इमारत मरोळ-मरोशी रोडपासून थोडी आत. बिनलिफ्टची, एका जिन्याची. मरोळची वस्ती पहिल्यापासून सरमिसळ. गावठाणातली जुनी ईस्ट इंडियन घरं आणि चर्च, एमआयडीसीतल्या कारखान्यांमुळे आलेली कोकणातली, घाटावरची माणसं, पोलीस कॅम्प, गुजराती दुकानदार, उत्तरेकडून आलेले कारागीर. आमच्या विंगमध्येही तसंच. वर गुजराती जैन कुटुंब, खाली मालवणी, मध्ये आम्ही. बेन माझ्याहून वयाने मोठ्या. मी त्यांना बेन म्हणायचे, त्या मला ताई, आणि माझी मुलगी त्यांना मासी.

हे नातं नुसतं जिन्यातलं नव्हतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार आणि पवई तलावांच्या पाण्यातून निघणारी मिठी मरोळहून, विमानतळाच्या धावपट्टीखालून कुर्ल्याकडे जाते. ती त्या दिवशी पात्रात मावली नाही. मी फोर्टमधल्या ऑफिसात अडकले होते. लोकल बंद, फोन लागत नव्हते, नवरा कामासाठी नाशिकला. मुलगी शाळेतून येऊन कुलूप लावलेल्या दारापाशी उभी होती. बेननी तिला वर नेलं, कोरडे कपडे घातले, कांदालसणाशिवायची खिचडी भरवली आणि रात्रभर आपल्याजवळ झोपवलं. दुसऱ्या दिवशी मी चालत घरी पोचले, तेव्हा माझी मुलगी त्यांच्या सासूबाईंबरोबर पत्ते खेळत बसली होती. त्या दिवशी मी बेनच्या गळ्यात पडून रडले होते.

गळती सुरू झाली २०११ च्या पावसाळ्यात. त्या वेळी त्याच सासूबाई, बेनच्या बा, अंथरुणाला खिळल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका आला होता. घरात एकच बाथरूम. बेनचं म्हणणं होतं की काम आठ-दहा दिवस चालणार, तेवढे दिवस त्यांना कुठे नेऊ? आता एवढं थांबा, पुढे बघू. मला ती सबब वाटली. मी म्हणाले, “तुमची अडचण आहे म्हणून माझ्या डोक्यावर पाणी पडू दे का?” माझं बाथरूम बरोबर त्यांच्या खाली होतं. तेवढे दिवस आमचं बाथरूम वापरा, आजींना आमच्या खोलीत आणून ठेवा, असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. नाराजीमुळे गिळून टाकलं असंही नव्हतं, ते मनातच आलं नाही. माझ्या चुकांची सुरुवात मी तिथून मोजते. मला ओल दिसत होती आणि तिच्यावरच्या खोलीत पडलेली म्हातारी दिसत नव्हती.

मग पत्रं सुरू झाली. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारं पाणी सोसायटीने थांबवायचं असतं. एका घराच्या बाथरूममधून दुसऱ्या घरात झिरपणारं पाणी त्या दोन सभासदांनी आपसात निस्तरायचं असतं. नाही निस्तरलं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा रस्ता आहे. तो रस्ता मी धरला असता तरी हरकत नव्हती, तो माझा हक्कच होता. पण मी तसं केलं नाही. मी सोसायटीला पत्रं लिहीत राहिले. पहिल्या पत्रात फक्त गळती होती. दुसऱ्यात जिन्यातला त्यांचा चपलांचा रॅक आला. तिसऱ्यात खिडकीत कबुतरांना टाकलेले दाणे आले. पुढच्या एकात तर पहाटे सामायिकासाठी, म्हणजे त्यांच्या ध्यानासाठी, उठून त्या पाट सरकवतात त्याचा आवाज होतो, असंही मी लिहिलं. तो आवाज मी कितीतरी वर्षं ऐकत आले होते आणि त्याचा मला कधीही त्रास झालेला नव्हता.

ही दुसरी चूक आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तक्रारीला वाट असते. अर्ज, जावक क्रमांक, समिती, निबंधक, न्यायालय. अढीला अशी कुठलीच वाट नसते, म्हणून ती तक्रारीच्या वाटेने जायला लागते. कागदावर गळती असते आणि पोचवायचा असतो राग. हे होऊ लागलं की पुढे सगळं नियमात बसवता येतं, आणि नियमात बसतंय म्हणून आपण स्वतःला काही विचारत नाही.

२०१३ मध्ये मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मरोळ नाक्याला स्टेशन आलं. त्याच महिन्यात बेनच्या घरून अर्ज आला. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं होतं. घर तारण ठेवायचं होतं आणि त्यासाठी बँकेला सोसायटीची एनओसी हवी होती. त्यांचा मेंटेनन्स थकलेला नव्हता, कागद पुरे होते. मी तो अर्ज घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घातला नाही. चेअरमननी विचारलं तेव्हा “कागद अपुरे आहेत” म्हणून सांगितलं. बेनचे यजमान दोनदा खाली आले. मी दारातूनच म्हणाले, “नियमाप्रमाणे होईल.” फी भरायची मुदत टळून गेल्यावर मी ती एनओसी सही करून पाठवली.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. हातून काय होतंय हे मला त्या वेळीही कळत होतं, याची याहून स्पष्ट खूण नाही. जे बरोबर वाटत होतं, ते तर मी सगळ्या विंगला ऐकवत होते.

त्या वर्षीही बेन आल्या. श्वेतांबर जैनांचं आठ दिवसांचं पर्युषण संवत्सरीला संपतं, आणि ती आपल्या गणपतीच्या दिवसांतच येते. प्रतिक्रमण झालं की माणसं एकमेकांकडे जातात, वर्षभरात जाणता-अजाणता जे काही दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. बेन दरवर्षी यायच्या. आमच्या दारात हात जोडून “मिच्छामि दुक्कडम्” म्हणायच्या आणि गणपतीला नमस्कार करून जायच्या. त्या वर्षी त्या आल्या तेव्हा मी प्रसाद दिला आणि मनात म्हटलं, हे तोंडदेखलं आहे. खरी क्षमा मागायची तर बाथरूम दुरुस्त करा.

२०१५ मध्ये त्यांच्या सासूबाई गेल्या. महिन्याभराने बेननी माणसं बोलावली, बाथरूम पूर्ण उखडलं, सगळं नव्याने केलं. मला एक रुपया मागितला नाही. कंत्राटदाराला सांगून माझ्या छताचं प्लॅस्टर आणि रंगही करून दिला. पुढचा पावसाळा कोरडा गेला.

माझा राग मात्र होता तसाच होता.

हे माझं मलाच समजेना. इतकी वर्षं मी सांगत आले होते की गळती थांबू दे, माझं दुसरं काही म्हणणं नाही. आता गळती थांबली होती आणि जिन्यात बेनच्या चपलांचा आवाज आला की मी अजूनही दाराआड थांबत होते, त्या वर जाईपर्यंत. त्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. विंगमधल्या प्रत्येकीला बोलावणं पाठवलं, गावठाणातल्या मैत्रिणीलाही. वरच्या घराला नाही. वाण लुटताना बायकांची ये-जा, हसणं, उखाणे हे सगळं वर ऐकू जात असणार हे मला ठाऊक होतं. जावं म्हणूनच दार उघडं ठेवलं होतं. तीळगुळाच्या दिवशी मी हे केलं.

मुलीलाही मी ओढलं. मासीकडे जायचं नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. ती वयात येत होती, आईशी बोलता येत नाहीत अशा गोष्टी बोलायला तिला एक जागा होती. ती मी बंद केली. ती बेनना कॉलेजच्या वाटेवर चोरून भेटत होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

त्या सुमारास मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ती रागामुळे असं मी म्हणणार नाही. घरात आईलाही होतं. पण नंतर वाचलेला एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या होप कॉलेजमधल्या मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्हलीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ७१ विद्यार्थ्यांना ज्याने आपल्याला दुखावलं ती व्यक्ती आठवायला सांगितली. एकदा तो अपमान पुन्हा घोळवत, डूख धरत. एकदा त्या व्यक्तीकडे माणूस म्हणून पाहत, क्षमा करत. डूख धरून आठवताना हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, कपाळाच्या स्नायूंचा ताण हे सगळं जास्त वाढत होतं. ज्याच्यावर राग आहे तो समोर नव्हताच, हे त्यातलं मला लागलेलं वाक्य. बेन वरच्या घरात त्यांच्या कामात असत आणि खाली शरीर माझं तापत असे.

या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. २०१७ मध्ये एका व्याख्यानाला गेले होते, विषय क्षमा हाच होता. वक्ते म्हणाले, क्षमा ही आपण स्वतःला दिलेली भेट असते. मला फार पटलं. दुसऱ्या दिवशी वर गेले. बेननी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मी म्हणाले, “बेन, झालं गेलं सोडून देऊ. तुमच्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. मी तुम्हाला माफ केलंय.”

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “आणि एनओसी?”

मी खाली आले ती संतापाने थरथरत. मी मोठेपणा घेऊन गेले, आणि ही बाई जुनी उणीदुणी काढते! त्या रात्री नवऱ्याला हे ऐकवायला लागले. त्याने साधाच प्रश्न विचारला, “कसली एनओसी?” मला सांगता येईना. माझ्या मनात या भांडणाचं एवढं तपशीलवार टिपण होतं, तारखांसकट. त्यात एनओसी नव्हती. हळदीकुंकू नव्हतं. आणि २६ जुलैची रात्रही नव्हती. माझ्याविरुद्ध जाईल असं मी काहीच टिपलेलं नव्हतं, आणि त्या टिपणाच्या आधारावर मी क्षमा करायला गेले होते.

यातून सुटायला मला दोन गोष्टींनी हात दिला.

एक, मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांनी. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत काढली, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. आमच्या सोसायटीत आषाढीला भजनी मंडळ येतं, त्या वर्षी त्यांनी ते अभंग घेतले. ऐकताना पहिल्यांदाच जाणवलं, की लोक बरोबर होते असं मुक्ताबाई कुठेही म्हणत नाहीत. या भावंडांचा छळ झाला, तो अन्यायच होता. दार उघडण्यासाठी आधी तो अन्याय नाकारावा लागत नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, की राग सोडला तर माझी तक्रार खोटी ठरेल, लोक म्हणतील, म्हणजे हिचंच काहीतरी होतं. या एका भीतीने मी दोन्हीही घट्ट धरून ठेवलं होतं.

दुसरी, गावठाणातली माझी मैत्रीण. आम्ही दोघी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून येत होतो, पिशवीत बोंबील आणि सोडे. मी तिला बेनचं गाऱ्हाणं सांगत होते, अर्थात माझ्या बाजूने. ती म्हणाली, “लग्नानंतर मी एकदा चर्चमध्ये कन्फेशनला बसले आणि नवऱ्याचं सांगायला लागले. तो असा करतो, तसा बोलतो. फादरनी मध्येच थांबवलं. म्हणाले, त्याचं तो येऊन सांगेल, तू तुझं सांग. मग माझ्याकडे बोलायला दोनच वाक्यं उरली.”

घरी येऊन मी कागद घेतला. बेनचं नाव कर्ता म्हणून एकाही वाक्यात येणार नाही, असं ठरवून लिहायला बसले. ‘त्यांनी असं केलं म्हणून मी’ अशी सुरुवात झाली की खोडायचं. पहिला तास काहीच लिहिता आलं नाही. मग लिहिलं: मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. मी चेअरमनशी खोटं बोलले. मी आजारी म्हातारीला खोली देऊ केली नाही. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं. मी मुलीची मासी तोडली. एवढं लिहून झाल्यावर रागाला बसायला जागाच राहिली नाही. मी समजूतदार झाले म्हणून हे झालं नाही. जिला क्षमा करायला मी निघाले होते, तिच्यासमोर क्षमा मागायलाच उभी आहे हे दिसलं, म्हणून झालं.

मी वर गेले आणि ते सगळं बोलून दाखवलं. एनओसीबद्दल स्पष्ट सांगितलं, की कागद पुरे होते, मी मुद्दाम अडवला. पाणी गळत होतं त्याचा उल्लेख केला नाही. तो विषय वेगळा होता, आणि संपलेला होता.

बेन रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ताई, मंगळसूत्र सोडून सगळं गहाण ठेवलं होतं. बा आजारी, दवाखान्याचा खर्च, त्यात ते व्याज.” मग म्हणाल्या, “तुम्ही मुद्दाम केलं हे मला माहीत होतं. तुम्ही म्हणाल याची वाट बघत होते. पण आता लगेच मनातून जाणार नाही. मला वेळ लागेल.”

मी “हो” म्हणाले. ते ऐकून घेणं जड होतं. कबुली दिली की समोरच्याने लगेच मोकळं करावं, अशी आपली आतून अपेक्षा असते. तीही एक वसुलीच असते. बेननी ती मला करू दिली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या दरवर्षी दारात का येत होत्या, तेही त्यानंतर उमगलं. त्या त्यांच्या बाजूची क्षमा मागत होत्या, माझ्या वागण्याचा विषय न काढता. माझ्या पाच-सहा वाक्यांना इतकी वर्षं लागली होती. त्या ते काम दरवर्षी, भांडण चालू असतानाही, करत होत्या. एनओसी विसरूनही नव्हत्या आणि त्याचं उट्टंही काढत नव्हत्या. तक्रार आणि अढी वेगळी ठेवता येते, हे माझ्याच वरच्या मजल्यावर चाललं होतं आणि मी त्याला तोंडदेखलं म्हणत होते.

आमचं पहिल्यासारखं झालं का? नाही. वरची किल्ली पूर्वी आमच्याकडे असायची, ती परत आली नाही. पण बोलणं आहे, येणं-जाणं आहे. मुलगी सुट्टीला आली की आधी वर जाते, उघडपणे. ४ जुलै २०१९ च्या सरकारी निर्देशांनी पुनर्विकासासाठी लागणारी सभासदांची संमती ७५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आली आणि आमच्याकडेही सभा सुरू झाल्या. त्या सभांत मी पाहिलं, की अमुक माणूस हो म्हणतो म्हणून तमुक माणूस नाही म्हणतो, स्वतःच्या घराचं नुकसान होत असतानाही. मी पूर्वीची असते तर त्यांतलीच एक असते.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, रोजचा छळ चालू आहे, तिथे कुणी बाईला क्षमेचे धडे देऊ नयेत. तिला आधी सुरक्षित जागा हवी आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा वापरायला सोबत हवी. मी जे लिहिते आहे ते बरोबरीच्या माणसांमधल्या अढीबद्दल आहे, जिथे दोघांच्याही हातात एकमेकांना दुखवायची आणि सावरायची सारखीच ताकद असते.

सोसायटीतले लोक अजूनही माझ्याकडे पत्राचा मसुदा करून घ्यायला येतात. गळती असते, पार्किंग असतं, थकलेला मेंटेनन्स असतो. मी मसुदा करून देते आणि सांगते, हक्क सोडू नका, पत्र आजच द्या, गरज पडली तर पुढेही जा. मात्र पत्रात गळती असेल तर गळतीच राहू दे. दुसरं काही लिहावंसं वाटलं तर थांबा, कारण तिथून तक्रार संपलेली असते. आणि पत्र देऊन तसेच खाली येऊ नका. दार उघडलंच आहे तर त्या घरात कोण आजारी आहे, ते विचारून या.